विहीर, बाग आणि पूर्तधर्म

टिळकवाडीतील काँग्रेस विहीर आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिली असेल. डिसेंबर १९२४ मध्ये महात्माजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे अधिवेशन बेळगावी भरले, तेव्हा जमणाऱ्या जनसमुदायास पाणी पुरावे म्हणून ती खोदण्यात आली. अधिवेशनाच्या नगरास विजयनगर आणि विहिरीस पंपासरोवर असे नाव दिले होते. पुढे राकसकोपचे व मग हिडकलचे पाणी नळाने घरोघर आले आणि शहरातील विहिरींचा रहाट थांबला. आज या विहिरीभोवती उद्यान आहे, शेजारी स्मारक आहे.

जे पाण्यासाठी खोदले ते शोभेसाठी राखणे, हा त्याचा सन्मान म्हणावा की विस्मरण?

धर्मशास्त्राने विहीर, तलाव, देवालय, अन्नदान आणि आराम म्हणजे बाग, ही सर्व पूर्तकर्मे एकाच पंक्तीस बसविली आहेत. तेव्हा विहिरीभोवती बाग होण्यात पायरी उतरल्यासारखे काही नाही. परंतु त्याच शास्त्रात उत्सर्गाचा विधी सांगितला आहे. जलाशय सर्व भूतांसाठी सोडला की कर्त्याचे त्यावरील स्वामित्व संपते. खोदणाऱ्यालाही जे परत घेता येत नाही, ते आपण, ज्यांनी एक घमेले माती उचललेली नाही, केवळ पाहण्याची वस्तू कसे करावे? मूल पडू नये म्हणून विहिरीवर जाळी हवी, हे आम्हास मान्य आहे. आमचा आक्षेप जाळीखालचे पाणी आता कोणाचेच नाही असे समजण्याला आहे.

येथे देवळात जाणाऱ्या आम्हा मंडळींनीच मान खाली घालावी. पडीक विहीर दिसली की तीत निर्माल्य सोडणारे हात बहुधा आमचेच असतात. देवाला वाहिलेल्या फुलाने पाणी नासत नाही, अशी आमची सोयीस्कर श्रद्धा! १९९५ च्या टंचाईत बेळगावच्या महानगरपालिकेने जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या. तहान लागली तेव्हाच त्या आठवल्या, हे विसरण्याजोगे नाही.

बाग खुशाल असावी. मात्र तिच्या झाडांना पाणी त्याच विहिरीचे मिळावे आणि दरवर्षी उन्हाळ्यात गाळ निघावा. निर्माल्यासाठी कोपऱ्यात खड्डा केला तर त्याचे खत त्याच झाडांना घालता येईल. निपाणीकडील ज्या गावांत नळ आल्यावर विहीर बुजविण्याची भाषा होते, तेथील पंचांनी माती टाकण्यापूर्वी एकदा उपसा करून पाहावा.