निवेदन कोणाचं?

आमची कन्या नववीत आहे. परवा तिने विचारलं, "बाबा, निवेदन म्हणजे काय?"

"संपावर जाण्याआधी युनियन साहेबांना देते, ते," मी म्हणालो.

"ते नव्हे हो! कथेतलं. स्थळकाळ, आशय, निवेदन."

आता मी पडलो बी. कॉम. आमच्या अभ्यासक्रमात कथा नव्हती, ताळेबंद होता. तरी बापाने हार मानू नये, म्हणून कपाटातून 'ययाति' काढली. खांडेकरांच्या १९५९च्या या कादंबरीत तिघं जण आपापली बाजू सांगतात : ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. जो बोलत असेल त्याचं आपल्याला पटतं. पान उलटून दुसरं माणूस बोलू लागलं, की पहिल्याच्या खात्यावरची शिल्लक भराभर खाली येते. आणि बापाला स्वतःचं तारुण्य देऊन टाकणाऱ्या पुरूला मात्र स्वतंत्र निवेदन नाहीच! शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्ण बोलतो, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण, सगळे बोलतात. अर्जुनाला कोणी विचारत नाही. ती वाचल्यावर आमच्या घरात आठ दिवस अर्जुनाचं नाव काढायची सोय नव्हती.

"थोडक्यात, ज्याच्या तोंडी 'मी', त्याला माफी," मी कन्येला समजावलं आणि वर शेरा मारला, "बँकेत असलं चालत नाही. एकाच्या नावे लिहिलं की दुसऱ्याच्या जमेला लिहावंच लागतं. शिवाय डोक्यावर तपासनीस!"

जेवताना मी त्या दिवसाची माझी कथा सुरू केली. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांचा महिना. ऐन गर्दीत एक आजोबा आले. सही जुळेना. मी नियम सांगितला, ते ऐकेनात, मागे रांग खोळंबलेली. शेवटी मी ठणकावलं, "उद्या या आणि नीट सही करा!" कथेचा नायक अर्थातच मी. कर्तव्यदक्ष, शांत, जरासा गांजलेला.

सौ. आमटी वाढता वाढता म्हणाली, "आजोबांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल हो?"

घास हातातच राहिला. कारण त्या एका प्रश्नासरशी कन्येच्या पुस्तकातले सगळे घटक बदलले. माझ्या कथेचं स्थळ म्हणजे काउंटर. त्यांच्या कथेत रिक्षाची वाट पाहणं असणार, बँकेचा जिना असणार, दुखरे गुडघे असणार. माझा काळ पाच मिनिटांचा, त्यांचा अख्ख्या सकाळचा. माझा आशय, 'नियम म्हणजे नियम'. त्यांचा, 'मी जिवंत आहे, पण माझ्या हाताला ते सिद्ध करता येईना'. प्रसंग तोच, एका पैशाचा फरक नाही. सांगणारा तेवढा बदलला.

आणि मी एक अक्षर खोटं बोललो नव्हतो! तेच तर वाईट. त्यांचा हात थरथरताना मी पाहिला होता. कथेतून तेवढाच गाळला होता. खोटं न बोलताही माणसावर अन्याय करता येतो. त्याच्या वाट्याचं आपणच सांगून टाकायचं, की झालं. वहीही माझी आणि तपासनीसही मीच.

दुसऱ्या दिवशी आजोबा पुन्हा आले. मी उठून त्यांना खुर्ची दिली. सही जमत नसेल तर अंगठ्याची सोय आहे, हे मला आदल्या दिवशीही ठाऊक होतंच. पाच मिनिटांत काम झालं. निघताना त्यांनी चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही भले आहात हो. काल इथे कोणी एक उद्धट माणूस बसला होता."

"असं का?" मी म्हणालो. "सांगतो त्याला."

संध्याकाळी घरी मी ही कथा अगदी रंगवून सांगितली. शेवटची दोन वाक्यं तेवढी गाळून.