हत्ती कोणी पाहिला?

बारामतीचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झालं. ते चालवणारी संस्था अनेकांत एज्युकेशन सोसायटी. अनेकांत या जैन दर्शनातल्या अवघड सिद्धांताचं नाव तिथे शिकताना असं रोज डोळ्यांसमोर असायचं. या सिद्धांताचा अर्थ विचारला की बहुतेक जण सांगतात, सगळेच आपापल्या जागी बरोबर. हा अर्थ मला मान्य नाही. पुढे पुण्याला विद्यापीठात तत्त्वज्ञानात एमए करताना त्याविरुद्धचे युक्तिवाद मला नीट मांडता आले. पण तो चुकीचा आहे हे उमगलं ते बारामतीत, मराठी स्पेशल घेऊन बीए करताना.

मी निमगाव केतकीची. घरचा पानमळा. सकाळी पानं खुडू लागायची आणि मग इंदापूरहून येणारी एसटी धरायची. अंथुर्णे, लासुर्णे, बेलवाडी, सणसर, भवानीनगर, काटेवाडी करत गाडी बारामतीला पोचेपर्यंत उभं राहायलाही जागा उरायची नाही. वर्गात नाना तऱ्हेची मुलं. कॅनॉलच्या वरच्या अंगाच्या बागायतदाराचा मुलगा, पोलीस भरतीसाठी पहाटे पळून आलेले दोघं-तिघं, मेंढरांमागे वाढलेली एक मुलगी, सूर्य मावळल्यावर पाणीही न घेणारी एका जैन दुकानदाराची लेक. आणि बीडकडची एक. तिचे आईवडील दर हंगामाला आमच्या भागात ऊसतोडीला यायचे, ती मावशीकडे राहून शिकायची.

कुठलीशी कविता शिकवताना सरांनी हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगितली. कुणाला सोंड म्हणजे साप वाटला, कुणाला पाय म्हणजे खांब. वर्गाला गोष्ट आवडली. मी विचारलं, "सर, पण तो हत्तीच आहे हे गोष्ट सांगणाऱ्याला कसं कळलं?" सर थांबले. उत्तर जैन मैत्रिणीने दिलं. "केवलीला कळतं. ज्याचं ज्ञान पूर्ण झालंय त्याला." मी म्हटलं, "आणि आपल्याला?" ती म्हणाली, "आपण चाचपडणाऱ्यांतलेच."

तिचं हे उत्तर मला अजून पुरतं आहे. गोष्ट सांगताना आपण नकळत डोळस माणसाच्या जागी जाऊन बसतो, सगळ्यांना समजुतीने पाहतो, आणि सगळेच थोडे थोडे बरोबर असं म्हणून मोकळे होतो. अनेकांत ही जागा आपल्याला देत नाही. तो सांगतो, तूही हात लावलेलाच सांगतो आहेस, तेव्हा स्वतःच्या विधानाआधी ‘स्यात्’ लाव, म्हणजे कोणत्या अंगाने बोलतो आहेस ते सांग. आणि दुसऱ्याने ज्या अंगाला हात लावलाय तिथे जाऊन तूही लावून बघ. दुसरं काम फार कष्टाचं आहे.

पुण्यात गेल्यावर याला शास्त्र मिळालं. जयकर ग्रंथालयात बिमल कृष्ण मतिलाल यांचं अनेकांतावरचं १९८१ चं पुस्तक वाचलं. इंग्रजीशी झटत वाचलं, मराठी शब्दांसाठी वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश शेजारी ठेवून. एका अंगाने पाहणं हा नय, आणि बाकीची अंगं नाकारणारा नय तो दुर्नय, हा भेद तिथे कळला. म्हणजे अनेकांतातही चूक असते, आणि ती नेमकी दाखवता येते. सगळेच बरोबर असते तर दुर्नय या कल्पनेची गरजच पडली नसती.

आमचे आण्णा माळकरी. तुकोबांची पालखी निमगावात मुक्कामाला असते तेव्हा आमच्या ओसरीवर दिंडी उतरते. मी हे सगळं सांगितलं की आण्णा म्हणतात, "अगं, सगळ्या वाटा शेवटी पंढरीलाच जातात." हे वाक्य प्रेमाचं आहे आणि आण्णांच्या तोंडी ते शोभतं. तरी मी त्यांच्याशी वाद घालते. चार्वाकाची वाट पंढरीला जात नाही. त्याला तिथे जायचंच नाही. त्याला ओढून दिंडीत उभं केलं तर त्याचं म्हणणं आपण ऐकलं नाही, फक्त गिळलं. आण्णा हसत नाहीत, रागावतही नाहीत. म्हणतात, "मग त्याला पाणी तरी पाजशील का न्हाई?" हे मात्र मला कुठल्या ग्रंथात सापडलं नव्हतं.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात जैनांच्या अनेकांतावर आक्षेप घेतला आहे. एकाच वस्तूत परस्परविरुद्ध धर्म एकाच वेळी कसे राहतील, हा त्याचा पहिला भाग. त्याला जैनांकडे उत्तर आहे: विरोध वेगवेगळ्या अपेक्षांनी, म्हणजे वेगवेगळ्या अंगांनी आहे, एकाच अपेक्षेने नाही. दुसरा भाग मला जास्त बोचतो. ज्ञानच अनिश्चित असेल तर माणूस कृती कशाच्या आधारावर करणार?

याचं उत्तर शोधताना मी पुन्हा त्या वर्गात जाते. एकदा ऊसतोडीवरून तिथे कडाक्याचं भांडण झालं होतं. बागायतदाराचा मुलगा म्हणाला, तोड वेळेवर आली नाही तर उसाला तुरा येतो, वजन घटतं, मुकादम उचल घेऊन पळतो, नुकसान आमचंच. खरं होतं. भरतीवाला म्हणाला, कारखाना नसता तर या तालुक्यांत रस्ते, शाळा, हे कॉलेज काहीच दिसलं नसतं. त्यातही तथ्य होतं. बीडची मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, कोयत्याच्या हिशेबात नवराबायको मिळून एक. आणि धाकट्या भावाची शाळा दिवाळीनंतर सुटते ती उन्हाळा लागेपर्यंत. साखरशाळा असली तर असली.

बागायतदाराच्या नयाने पाहा, भावाची शाळा सुटते. कारखान्याच्या नयाने पाहा, मुकादमाच्या नयाने पाहा, तरी सुटतेच. त्यांच्यात कारणांवर वाद आहे, दोष कुणाचा यावर वाद आहे, ही गोष्ट खोटी आहे असं त्यांतला एकही म्हणू शकत नाही. सगळ्या अंगांनी हात लावून पाहिल्यावरही जे तसंच उरतं, तेवढं कृतीला पुरेसं निश्चित आहे. शंकराचार्यांना माझं उत्तर इथून सुरू होतं. पण त्या वर्गात बीडच्या मुलीची पाळी सगळ्यांत शेवटी आली, आणि तीही ती स्वतः बोलली म्हणून. तोवर आम्ही बाकीचे मोठ्या आवेशाने दुर्नयच मांडत होतो.