आलो कुठून आणि आहोत कोण

नायजेरियाच्या रिव्हर्स राज्यात ओराशी आणि सोंब्रेरो या दोन नद्यांच्या मधल्या सखल मुलखात एक्पेये लोक राहतात. अहोआडा हे त्यांचं मुख्य गाव. इग्बो हा शेजारचा मोठा समाज. ‘तुम्ही मूळचे इग्बोच ना?’ हा प्रश्न त्यांच्या वाट्याला फार पूर्वीपासून आलेला आहे.

त्यांची परंपरा वेगळं सांगते. मूळपुरुष नायजेरियातल्याच जुन्या बेनिन राज्यातून आला, एक्पेये आणि शेजारचे ओग्बा हे भाऊ-भाऊ, असं ती म्हणते. पण मग भाषा बेनिनच्या एडो भाषेच्या घराण्यातली हवी होती. ती तशी नाही. ती इग्बोच्या जवळची आहे. इथे घाईने दोन निकाल दिले जातात. एक, परंपरा खोटी. दुसरा, हे इग्बोच आहेत, नाव तेवढं वेगळं घेतात.

दोन्ही निकाल कच्चे आहेत, आणि ते भाषाशास्त्रानेच दाखवून दिलं आहे. या भाषांच्या गटाला अभ्यासक ‘इग्बोइड’ म्हणतात. त्याच्या प्रचलित वर्गीकरणात पहिलीच फाटाफूट अशी होते, की एका बाजूला एकटी एक्पेये आणि दुसऱ्या बाजूला इग्बो, इक्वेरे, इका, उक्वुआनी हे सगळे. म्हणजे एक्पेये ही इग्बोची बोली नव्हे. एकाच बुंध्यातून दोन फांद्या फुटल्या, त्यातली ही एक फांदी. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: परंपरेने ज्यांना सख्खा भाऊ म्हटलं, त्या ओग्बांची भाषा त्या दुसऱ्या फांदीवर आहे. नातं एका वाटेने चाललं, भाषा दुसऱ्या. पंधराव्या-सोळाव्या शतकात बेनिन बलाढ्य होतं. तिथून निघालेली थोडी कुटुंबं आधीच्या वस्तीत मिसळली, त्यांनी वस्तीची भाषा घेतली आणि वस्तीने त्यांची वंशकथा घेतली, असं घडलं असेल तर परंपरा आणि भाषा दोन्ही खऱ्या ठरतात. हा माझा तर्क आहे. पण माणसांच्या स्थलांतरात असं अनेकदा होतं.

मग हा प्रश्न इतका टोकदार का झाला? वसाहतकाळात हा मुलूख इग्बोबहुल पूर्व प्रांतात होता. अल्पसंख्याकांची भीती विलिंक आयोगाने १९५७-५८ मध्ये ऐकून घेतली, पण वेगळं राज्य नाकारलं. २७ मे १९६७ रोजी रिव्हर्स राज्य जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी पूर्व प्रांताने फुटून बिआफ्रा या स्वतंत्र देशाची घोषणा केली. त्यातून पेटलेल्या आणि जानेवारी १९७० पर्यंत चाललेल्या यादवी युद्धात ‘तू कोण?’ याच्या उत्तरावर जीव आणि घरदार अवलंबून होतं. युद्धानंतर या भागातल्या अनेक समाजांनी ‘आम्ही इग्बो नाही’ हे अधिक ठासून सांगितलं. त्याला केवळ राजकारण म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. मोठ्या समाजाने आपल्याला त्याची पोटजात म्हणावं, हे त्यांतल्या अनेकांना आधीपासूनच मान्य नव्हतं. युद्धाने ते मोठ्याने बोलायला लावलं.