घेतलेली चढाई, वाट्याला आलेली चढाई

कबड्डीत चढाई कोणा एका गड्याच्या मालकीची नसते. ती संघाला पाळीने मिळते. गुण मिळो न मिळो, एकाची चढाई संपली की समोरच्याची सुरू होते. एका चढाईला वेळ 30 सेकंद. 20 मिनिटांच्या दोन सत्रांत प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली, तर दोन्ही संघांच्या मिळून 80 चढाया होतात, म्हणजे एकेका संघाच्या वाट्याला 40. त्यांतल्या 20 एकानेच केल्या, तर संघाची निम्मी शिदोरी त्याने एकट्याने संपवली. एखाद्या चढाईपटूने किती चढाया केल्या, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. त्याला हल्ली जे उत्तर दिले जाते ते मात्र उथळ आहे.

महाविद्यालयीन कबड्डीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. नांदेडजवळ विष्णुपुरीला असलेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे 1994 पासून नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतली महाविद्यालये आहेत. तालुक्याच्या ठिकाणच्या लहान महाविद्यालयाचा संघ बहुधा एकाच्या भरवशावर उभा राहतो. गावच्या मंडळात घडलेला एखादा चढाईपटू, एखादा बरा कोपरारक्षक आणि उरलेले वर्गातून गोळा केलेले. असा चढाईपटू निम्म्याहून अधिक चढाया करतो, कित्येकदा बाद होतो, आणि निवडीची वेळ आली की त्याच्या नावापुढे शेरा पडतो: चढाया फार, यश कमी.

या वादातली काही मते एका ओळीत निकालात निघतात. ज्याचे गुण जास्त तो श्रेष्ठ, हे मत चढाया मोजतच नाही. सांघिक खेळात एकट्याचे मोजमाप नकोच, हे मत निवड करायची वेळ आली की गप्प बसते. मातीवरच्या गड्यांना असले हिशेब लागत नव्हते, ही आठवण आहे, युक्तिवाद नव्हे.

खरा प्रतिवाद हवा तो टक्केवारीचा. हे मत साधे आणि म्हणून मोहक आहे. समजा, एका गड्याने 20 चढाया केल्या आणि 8 यशस्वी ठरल्या, म्हणजे 40 टक्के. दुसऱ्याने 6 केल्या, 4 यशस्वी, म्हणजे 66 टक्क्यांच्या वर. टक्केवारीवाल्यांचा निष्कर्ष तयार असतो: पहिल्याच्या चढाया काढून दुसऱ्याला द्या, संघाचे भले होईल.

या हिशेबातली पहिली चूक अशी की दुसऱ्याच्या 6 चढायांचे यश त्याच्या विसाव्या चढाईलाही लागू धरले जाते. त्या 6 चढाया त्याने निवडून केलेल्या असतात. समोरचा हुकमी कोपरारक्षक बाकावर गेला, साखळी विस्कटली, की तो जातो. शिवाय समोरच्या बचावाचे सारे लक्ष पहिल्यावर असते. त्याच्या उजव्या पायाची सवय, त्याची डुबकी, तो बोनसला कोणत्या बाजूने जातो, हे सगळे त्यांनी पाठ केलेले असते. दुसऱ्याला मिळणारी मोकळीक हीसुद्धा पहिल्याचीच कमाई. पहिल्याला बसवले की ती मोकळीकही जाते.

दुसरी चूक अधिक खोल आहे. टक्केवारी रिकाम्या चढाईला अपयशात जमा करते. पण रिकामी चढाई एकाच जातीची नसते. शेवटचे मिनिट उरले आहे, संघ दोन गुणांनी पुढे आहे. चढाईपटू निदान रेषा एकदा ओलांडतो, कोपऱ्याकडे झुकून हुलकावणी देतो, कोणाच्या हाताला पाय लागू देत नाही, दम कायम ठेवून घड्याळ खातो आणि अगदी शेवटच्या क्षणी मध्यरेषेच्या अलीकडे येतो. गुणफलक हललेला नाही, पण सामना 30 सेकंदांनी जवळ आला. टक्केवारीच्या वहीत हीच चढाई नापास. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. ती तिसरी, डू ऑर डाय चढाई करायला संघ कोणाकडे पाहतो? ज्याची टक्केवारी त्याच तिसऱ्या चढायांनी खाली आणलेली असते, त्याच्याकडेच.

तिसरी चूक खेळाच्या इतिहासाशी जोडलेली आहे. हुतूतूचे अमर, गमिनी आणि संजीवनी हे प्रकार जुन्यांना आठवत असतील. अमरमध्ये बाद गडी मैदानातच राहायचा, गमिनीत सारा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचा, संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक परत यायचा. आजची कबड्डी संजीवनीची आहे. इथे स्पर्शाचा गुण हा नुसता गुण नसतो, तो बाकावरचा माणूस परत आणतो. बोनसचा गुण कोणालाही परत आणत नाही. मैदानात आपले दोघेच उरले असताना केलेला एक स्पर्श लोण टाळू शकतो. सातही गडी उभे असताना घेतलेला बोनस आघाडी एकाने वाढवतो. फलकावर दोन्हींची किंमत एकच दिसते.

बास्केटबॉलमध्ये हाच वाद गार्डने घेतलेल्या शॉट्सवरून चालतो. अमेरिकेतल्या पुरुषांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्येही शॉटसाठी 30 सेकंदच मिळतात. 2017-18 च्या हंगामात ओक्लाहोमा विद्यापीठाचा ट्रे यंग सरासरी गुण आणि असिस्ट या दोन्हींत देशात पहिला होता; त्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत हरला. त्याने शॉट्स फार घेतले म्हणून संघ हरला की त्याने घेतले म्हणून संघ तिथवर पोचला, हे एकट्या आकड्यातून कधीच कळत नाही.

प्रो कबड्डीतले पाटण्याचे उदाहरण टक्केवारीवाले आवर्जून देतात. 2017 मध्ये प्रदीप नरवालने चढाईचे 369 गुण मिळवले आणि पाटणा विजेता ठरला. 2019 मध्ये त्याने पुन्हा 300 चा टप्पा ओलांडला, पण संघ बाद फेरीतही पोचला नाही. 2021-22 च्या हंगामात तो उत्तर प्रदेशच्या संघात गेला आणि त्याच्याविना पाटणा गुणतक्त्यात पहिला आला, अंतिम सामना दिल्लीकडून 36-37 असा एका गुणाने हरला. एवढ्यावरून प्रदीपच्या चढाया संघाला भोवल्या असे म्हणणे घाईचे आहे. त्या हंगामात पाटण्याकडे इराणचा मोहम्मदरझा शादलू होता, तो स्पर्धेतला सर्वोत्तम बचावपटू ठरला. पकड बळकट झाली की बाद गडी लवकर परत येतात, आघाडी टिकते, आणि कोणा एकावर पुन्हा पुन्हा जाण्याची पाळी येत नाही. चढाईपटूच्या चढायांचा आकडा बऱ्याच अंशी त्याचे पकडपटू ठरवत असतात.

पुणेरी पलटणने 2023-24 मध्ये हे उलट बाजूने दाखवले. अंतिम सामन्यात हरियाणाला 28-25 असे हरवणाऱ्या त्या संघात असलम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते आणि आकाश शिंदे यांच्यात चढाया वाटल्या गेल्या. सर्वोत्तम चढाईपटूचा मान दिल्लीच्या आशू मलिकला मिळाला, सर्वांत मौल्यवान खेळाडू मात्र पुण्याचा कर्णधार असलम ठरला. पण ही वाटणी ज्यांच्याकडे चार चढाईपटू आहेत त्यांना परवडते. ज्या महाविद्यालयाकडे एकच आहे, त्याला ती शिकवण्यात अर्थ नाही.

म्हणून चढाया मोजण्याआधी त्यांची जात पाहायला हवी. एक असते घेतलेली चढाई: सहा-सात साथीदार मैदानात आहेत, दुसरा चढाईपटू ताजातवाना उभा आहे, तरी हा पुढे सरसावतो. दुसरी असते वाट्याला आलेली चढाई: तिसरी चढाई आहे, साथीदार दोन-तीनच उरले आहेत, किंवा दुसरा चढाईपटू बाकावर आहे. पहिल्या जातीतले अपयश हा गड्याचा दोष आहे आणि तो त्याच्या नावावर मांडलाच पाहिजे. दुसऱ्या जातीतले अपयश संघाच्या दुबळेपणाचे मोजमाप आहे. सीमारेषेवरच्या काही चढाया दोन्हींत बसतील, हे मान्य. हौसेला जबाबदारीचे नाव देणारे गडीही असतात, हेही मान्य. पण त्याने भेद पुसला जात नाही.

गुणलेखकाच्या कागदावर गुणांवर काट पडते. चढाई कोणत्या परिस्थितीत झाली, हे त्यावर उरत नाही. प्रत्येक चढाईपुढे आपले गडी किती आणि चढाई कितवी, एवढे दोन आकडे टिपायला फक्त एक पेन्सिल आणि एक जागरूक विद्यार्थी लागतो. ते टिपलेले नसतील, तर चाळीस टक्क्यांच्या गड्याला वगळण्याचा अधिकार निवड समितीला पोचत नाही.