सन्मान: कृपा की ऋणफेड?

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४ साली अपघातात ते निवर्तले. अर्जुन पुरस्कार लाभला तो २००० चा, मरणोत्तर. १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक मिळवणारे मुरलीकांत पेटकर २०१८ साली पद्मश्री झाले. विलंब ४६ वर्षांचा, परंतु ती स्वीकारावयास ते हयात होते.

थोर कोण, हा वाद चालू राहील. नैतिक प्रश्न निराळा आहे. सन्मान ही कृपा असेल, तर ती केव्हाही करावी. ऋण असेल, तर त्याला मुदत असते. राबलेल्याची मजुरी सूर्यास्तापूर्वीच द्यावयाची असते. मृताच्या गौरवाने इतिहासाची नोंद सुधारते, त्याचे देणे फिटत नाही. म्हणून तुल्यबळ नावांत ज्याची सायंकाळ जवळ आली आहे, त्याचे नाव आधी घ्यावे.