तहाची रेघ आणि शेताचा बांध



लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक माणूस प्रभू येशूकडे येतो. भावाकडून वाटणी मिळवून द्या, एवढीच त्याची मागणी. प्रभू न्यायनिवाडा करायला नकार देतो आणि एकदम लोभाविषयी बोलू लागतो. त्या माणसाला हे उत्तर रुचले नसणार. पण वाटण्या कशा होतात, हे आपल्या आटपाडीइतके कोणाला ठाऊक असेल?

इंग्रज-मराठ्यांचे शेवटचे युद्ध ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेटले. पुढच्या फेब्रुवारीत साताऱ्याचा किल्ला पडला आणि एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला: बाजीरावाची चाकरी दोन महिन्यांच्या आत सोडा, घरी परता. त्याच महिन्यात आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. ३ जून १८१८ रोजी दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन बिठूरला गेला.

मग कागद सुरू झाले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याचे राज्य मिळाले. औंध, भोर, फलटण, जत येथील जहागीरदारांशी १८२० मध्ये निराळे करार झाले. औंधच्या पंतप्रतिनिधींचा मुलूख तर तुकड्या-तुकड्यांचा. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी तिसरीकडे, आणि गुणदाळ पार विजापूरच्या बाजूला! १८४८ मध्ये सातारा खालसा झाले, तेव्हा शेजारचे खानापूर कंपनीकडे गेले आणि आटपाडी संस्थानातच राहिली. माणगंगा मात्र पूर्वीसारखीच सांगोल्याकडे वाहत होती.

युद्ध थांबले हे बरेच झाले. फौजांच्या येण्याजाण्याने रयत गांजली होती. पण या तहांच्या कागदांवर कसणाऱ्याला कोणी विचारले नाही. चोरांच्या टोळीलाही आपापसात शांती लागतेच, असे संत ऑगस्टीन सांगतात. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हे वाचले होते. त्याचा अर्थ हे जुने नकाशे पाहताना जास्त उमगतो.

पुढे याच तुकड्यांत एक वेगळी गोष्ट घडली. १९३९ च्या जानेवारीत औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपले अधिकार आपणहून प्रजेच्या हाती दिले आणि गावोगावच्या पंचायतींना कारभार मिळाला. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली. शिक्षा झालेले कैदी तेथे बायकामुलांसह राहून शेती करू लागले, भोवती भिंत नाही. तहाने दिलेले कोणी असे सोडून देतो, हे इतिहासात फार वेळा दिसत नाही.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान विलीन झाले. आटपाडी दक्षिण सातारा, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात आली. गुणदाळ १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात, आजच्या कर्नाटकात गेले. एका राजाची रयत दोन राज्यांत वाटली गेली, पण त्यासाठी गोळी झाडावी लागली नाही.

आता आपल्या बांधांकडे येतो. नांगरताना दरवर्षी वीतभर बांध कोरणारा माणूसही नकाशाच बदलत असतो, आणि त्याच्याकडे तर तहाचा कागदसुद्धा नसतो. सख्खे भाऊ एकाच मिस्साला येतात, वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. ज्यांचे असे वाद तहसीलात आहेत, त्यांनी मोजणीच्या तारखेआधी एकदा भावाच्या दारात जाऊन यावे. सोबत दोन जाणती माणसे हवी असतील, तर मिस्सानंतर मला सांगा. मीही येईन.