टोचन आणि अवयवी

चिखलात रुतलेली गाडी काढताना पहिला प्रश्न दोर कुठे अडकवायचा हा असतो. बंपरला अडकवला तर पुष्कळदा नुसता बंपर हातात येतो आणि गाडी जागची हलत नाही. चासीला पक्क्या बसवलेल्या हुकात अडकवला तर सगळी गाडी, हौद्यातल्या सामानासकट, निघून येते. टोचनाचा हा रोजचा व्यवहार भारतीय तत्त्वज्ञानातल्या एका जुन्या भांडणाच्या मधोमध जाऊन बसतो. भागांहून वेगळी अशी अखंड वस्तू, नैयायिकांच्या भाषेत ‘अवयवी’, खरोखर असते की भागांच्या ढिगाला आपण सोयीसाठी एक नाव देतो? गौतमाच्या न्यायसूत्रांत अवयवीच्या बाजूने दिलेल्या पुराव्यांपैकी एक हाच आहे: एक भाग धरला की वस्तू धरली जाते, एक भाग ओढला की वस्तू ओढली जाते. वाळूच्या ढिगाचं असं होत नाही. जुना पिकअप ट्रक बाळगणं, दुरुस्त करणं आणि आडरानात नेणं या उद्योगाकडे नीट पाहिलं तर या भांडणात नैयायिकांची बाजू सरस ठरते असं मला वाटतं. मात्र त्यांनी मांडली तशी नाही. अखंडपणा खरा असतो, पण तो कमी-जास्त होतो आणि राखला तरच राहतो.

उदाहरणाला एकच गाडी घेऊ. बाकी जगात हायलक्स म्हणून ओळखला जाणारा छोटा ट्रक टोयोटाने अमेरिकेत नुसत्या ‘पिकअप’ या नावाने विकला. १९८० च्या दशकातला, २.४ लिटरच्या २२आर इंजिनाचा हा ट्रक तिथल्या डोंगरवाटांवर आजही हौसेने चालवला जातो. त्याच्या आधीच्या पिढीची जन्मकथाच या वादाला सोयीची आहे. १९६४ पासून अमेरिकेने परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के आयातकर बसवला होता. तो चुकवण्यासाठी जपानहून केबिन आणि चासी तेवढी यायची, हौदा कॅलिफोर्नियात लाँग बीचला तयार होऊन चढायचा. ही पळवाट १९८० मध्ये बुजवली गेली. म्हणजे मुळात एक असलेली वस्तू पुढे सुटी झाली असं म्हणायचीही इथे सोय नाही. ती सुटीच आली होती. भिक्खू नागसेन हे ऐकून खूश झाले असते. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ते ग्रीक राजा मिलिंदाला विचारतात, की ज्या रथातून आपण आलात तो रथ म्हणजे दांडा का, आस का, चाकं का, की हे सगळं मिळून? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. निष्कर्ष असा की रथ हा या साऱ्यांच्या आधाराने चालणारा शब्द, त्यापलीकडे काही नाही. पण मिलिंद राजा होता, रथ जुंपणारी आणि दुरुस्त करणारी माणसं त्याच्या पदरी होती. सारथ्याला हेच प्रश्न विचारले असते तर उत्तरं इतक्या सहज मिळाली नसती.

कारण पाना हातात घेणाऱ्याला भागांच्या यादीत न बसणाऱ्या गोष्टी भेटतात. या इंजिनात रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये फट ठेवावी लागते. इंजिन तापलेलं असताना इनटेकला ०.२० मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.३०. फीलर गेजची पातळ पट्टी आत सरकवायची, ती किंचित अडत अडत बाहेर आली की नट आवळायचा. ही फट कोणत्या दुकानात मिळत नाही. ती रॉकरची नाही आणि व्हॉल्व्हचीही नाही. पण ती बुजली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळून जातो. बिघाडाचंही तेच. १९८० च्या दशकात या इंजिनात टायमिंग चेनला आधार देणारे गाइड प्लॅस्टिकचे आले. काही वर्षांनी ते ठिसूळ होऊन तुटतात. चेन सैल पडते, ॲल्युमिनियमच्या कव्हरला घासत राहते, घासून घासून त्यामागच्या पाण्याच्या वाटेपर्यंत भोक पाडते. मग कूलंट ऑइलमध्ये उतरतं, ऑइल दुधाळ होतं, आणि शेवटी आवाज करतात ती बेअरिंगं. कण्हणारा भाग एक, दुखणं दुसऱ्याच जागी. अनुभवी मेकॅनिक बेअरिंगच्या आवाजावरून इंजिनाचं पुढचं कव्हर उघडतो तेव्हा तो भागांची चौकशी करत नसतो, एका वस्तूची करत असतो.

यावर बौद्ध पंडित हसून म्हणेल, अहो, हे तर प्रतीत्यसमुत्पादाचं उदाहरण झालं. गाइड तुटला म्हणून चेन सैल, चेन सैल म्हणून भोक, भोक म्हणून पाणी. एकातून दुसरं उद्भवत गेलं, यात अवयवी आणायचं कारण काय? हा आक्षेप वजनदार आहे. कारणांची साखळी एवढंच जर म्हणायचं असेल तर अवयवीशिवाय काम भागतं. पण मग त्या साखळीला ‘बिघाड’ का म्हणायचं? लोखंडाचा गंज हाही कारण-कार्याचाच निर्दोष व्यवहार आहे आणि पाणी ऑइलमध्ये मिसळणं यात निसर्गाचा कोणताही नियम मोडत नाही. दोष हा शब्द लागू होतो तो पाण्याला नाही, ऑइलला नाही, तर ज्याच्यात ती दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी वाहायला हवी होती त्याला. कोणी म्हणेल, ‘हवी होती’ हे मालकाच्या मनातलं. अर्धं खरं. ट्रकने चढ चढावा ही अपेक्षा माणसाची, पण ती एकदा ठरली की कुठली फट किती हवी हे माणसाच्या मर्जीवर राहत नाही. नुसत्या संकेताने चालणारी वस्तू असती तर ‘ठीक आहे’ असं म्हणून चालली असती.

इथवर नैयायिक आनंदात असतील. आता त्यांची अडचण. त्यांच्या मते कापडातला एक धागा काढला की जुनं कापड नष्ट होतं आणि नवं, थोडं लहान कापड उत्पन्न होतं. हा नियम सरळ लावला तर प्रत्येक ऑइल फिल्टरगणिक नवा ट्रक जन्माला येतो. तर्काला हे पचतं, गाडीच्या कागदपत्रांना पचत नाही. पण त्यांच्याच घरातला एक दुसरा वाद इथे वाट दाखवतो. कच्चा घडा भट्टीत भाजून लाल होतो तेव्हा नेमकं काय होतं? वैशेषिक म्हणतात, घडा परमाणूंपर्यंत विस्कटतो, परमाणू लाल होतात आणि त्यांचा नवा घडा बनतो. याला पीलुपाक म्हणतात. नैयायिकांचा पिठरपाक असा, की घडा घडा राहूनच भाजला जातो. दुरुस्ती ही पिठरपाकाच्या जातीची आहे. तिच्यात काहीतरी नेहमी उभं राहिलेलं असतं आणि आत येणाऱ्या भागाने कसं असावं हे ते ठरवतं. याची सर्वांत कडक परीक्षा टोयोटाच्याच नंतरच्या ट्रकांनी दिली. १९९५ पासूनच्या टाकोमा ट्रकांच्या चासी, विशेषतः हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांत, आतून गंजू लागल्या. २००८ मध्ये कंपनीने त्यांची हमी वाढवली. काही ट्रक परत विकत घेतले, पुष्कळांच्या चासी सबंध बदलून दिल्या. ज्याला आपण गाडीचा कणा समजतो तोच गेला, तरी डॅशबोर्डवरची क्रमांकाची पट्टी तीच आणि कायद्याच्या लेखी ट्रक तोच. यात मला लबाडी दिसत नाही. नव्या चासीला जुन्या केबिनच्या, जुन्या इंजिनाच्या, जुन्या ॲक्सलच्या बोल्टांशी जुळावं लागलं. अट त्यांनी घातली. उलट, तीच पट्टी उचलून दुसऱ्याच ट्रकवर लावली तर अमेरिकेत तो गुन्हा आहे. नागसेनांच्या हिशेबाने वस्तू नावापुरतीच असती तर नाव हलवल्याबरोबर तीही हलायला हवी होती.

अखंडपणा कमी-जास्त होतो हे गंजलेली चासी शिकवते. पेटीसारखी पोकळ चासी आतून सडते. वरचा काळा रंग शाबूत असतो. हातोडीने ठोकत गेलं की धड लोखंड टणत्कार देतं, सडलेलं भदभदतं, आणि खालून तांबूस पापुद्रे पडतात. अशा ट्रकला हुकातून ओढलं तरी तो येईलच असं नाही. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात जवळजवळ हाच आक्षेप आहे: गवत, दगड, लाकूड लाखेने चिकटवले तरी एकत्र ओढले जातात, मग ओढलं जाणं हा अवयवीचा पुरावा कसा? आक्षेप मान्य करावा. ओढून पाहणं ही एक चाचणी, तीही अपुरी. आणि घट्टपणा म्हणजे अखंडपणा हेही खरं नाही. या ट्रकची केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसतात. एक चाक खडकावर आणि समोरचं खड्ड्यात असलं की दोहोंमधली फट एका बाजूला रुंदावते, दुसऱ्या बाजूला आवळते, आणि चासी पिळवटून परत सरळ होते. फट बुजवून सगळं एकजीव जोडून टाकणारा कारागीर गाडी मजबूत करत नाही, तडे जाण्याची सोय करतो.

धर्माच्या बाजूने येणारा आक्षेप वेगळा आहे आणि त्याला बगल देता येत नाही. अवयवी खरा मानला की त्याचा लोभ जडतो. गौतमच चौथ्या अध्यायात राग-द्वेषांचं मूळ अवयवीच्या अभिमानात आहे असं सांगतात. भाष्यकार देहाकडे केस, मांस, हाडं अशा तुकड्यांनी पाहायला सुचवतात, म्हणजे मोह सुटेल. चाळीस वर्षांचा ट्रक धुऊन पुसून अंगणात ठेवणारा, त्याला नाव देणारा माणूस या मोहाचा नमुनाच. तरीही दुरुस्ती करणाऱ्याला हे औषध फुकट मिळतं असं मी म्हणेन. गाडी त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा तुकड्यांत येते: काजळी, ग्रीस, झिजलेले आटे. मोह बहुधा न उघडलेल्या वस्तूचा असतो. कौतुकाच्या फोटोतला ट्रक आणि हौदा काढून ठेवलेला ट्रक यांतला दुसरा भक्तीला फारसा सोसत नाही.

सगळ्यात अवघड उत्तर मात्र जमिनीला द्यावं लागतं. यूटा राज्यात मोआबच्या आसपास, जिथे हे ट्रक हौसेने नेले जातात, वाळूवर काळसर खडबडीत साय दिसते. सायनोबॅक्टेरियाचे चिकट तंतू वाळूच्या कणांना गुंफून ती बनवतात. तिच्यात दगडफूल आणि शेवाळ वस्ती करतात. वाऱ्याने वाळू उडत नाही ती तिच्यामुळे. ढीग आणि अवयवी यांतला फरक दाखवायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. टायर एकदा तिच्यावरून गेला की तिचा पुन्हा ढीग होतो, आणि ती भरून यायला दशकं लागतात, दगडफुलांना त्याहूनही जास्त. अवयवी खरा आहे असं ट्रकबद्दल म्हणणाऱ्याला या सायीबद्दल ते नाकारता येत नाही, आणि ट्रकसारखी तिची दुरुस्ती कोणालाच करता येत नाही. म्हणून गाडीसाठी केलेला सगळा युक्तिवाद चालकाला आखलेल्या वाटेवर आणून बांधतो. मोआबच्या ‘हेल्स रिव्हेंज’ वाटेसारखा उघडा वालुकाश्म तिथे मुबलक आहे. टायरची हवा पंधरा-वीस पीएसआयवर आणली की रबर त्याला चिकटून चढतं. त्या खडकाच्या कडेला काळी साय सुरू होते. तिथे चाक उतरवणाऱ्याकडे फोर बाय फोर कितीही उत्तम असो, अवयवी या शब्दावर त्याचा हक्क उरत नाही.